आधी साखर, मग बातमी

त्या वर्षांचं नाव काढलं की मला सगळ्यात आधी आठवतो तो थकवा. शाळा, मैत्रिणी, सेलू गाव हे सगळं त्याच्या मागून येतं. आमचा जिल्हा तेव्हा अजून मध्यप्रदेशात होता. मी तेवीस-चोवीस वर्षांची होते आणि सेलूच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. राहायला वर्ध्याला, आईवडिलांकडे. सकाळची पॅसेंजर धरायची, सेलूच्या स्टेशनावर उतरायचं, आणि तिथून गाव चांगलं लांब असल्यामुळे कुणाच्या दमणीत जागा मिळाली तर बैलांमागे बसून, नाही तर पायी शाळा गाठायची. संध्याकाळी हेच उलटं. लोक म्हणत, तरुण आहेस, तुला काय होतंय. तरुण माणसाचे पाय दुखत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी एप्रिल महिन्यात त्या रस्त्याने एकदा चालून पाहावं.

शाळेत माझ्याकडे पहिली आणि तिसरी, दोन्ही एकाच खोलीत. पहिलीने अक्षरं गिरवायची आणि तिसरीने पाढे म्हणायचे असं मी ठरवलेलं असे. प्रत्यक्षात पहिलीच्या पोरी अक्षरं सोडून पाढेच म्हणू लागत आणि तिसरीच्या पोरी त्यांना हसत बसत. दुपारपर्यंत माझा आवाज बसलेला असे. घरी गेल्यावर आई काही विचारायची तर मी नुसती मान हलवायची.

आम्ही तिघीच होतो शाळेत. मोठ्या बाई म्हणजे हेडमास्तरीण. पन्नाशीच्या, उजव्या गुडघ्याने अधू, आणि घरी रिटायर झालेले यजमान दिवसभर बसून त्यांच्या स्वयंपाकात चुका काढायला मोकळे. दुसरी माझी मैत्रीण. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी, पण कपाळ मोकळं आणि अंगावर कायम फिकट लुगडं, त्यामुळे मोठी वाटायची. तिचा नवरा विषमज्वराने गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. ती गावात एका खोलीत एकटी राहायची. आणि तिसरी मी, जिच्याबद्दल माझी आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आईचं म्हणणं मी तेव्हा हसण्यावारी नेत असे.

साखरेची डबी मोठ्या बाईंची. हळदीकुंकवाची असते तशी पितळेची लहानशी डबी त्यांनी एक दिवस शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यांच्या मागे आणून ठेवली. त्याचं कारणही साधं होतं. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात आमच्याबद्दल एक बरं वाक्य लिहिलं होतं. एकच. त्याआधी चार वाक्यं छपराबद्दल, तक्त्यांबद्दल आणि हजेरीबद्दल वाईट होती, पण मोठ्या बाई म्हणाल्या, ती चार आपली नाहीत, ही एक आपली आहे. त्यांनी आम्हा दोघींच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवली आणि मगच ते वाक्य वाचून दाखवलं. तेव्हा घरात रोजचा चहासुद्धा गुळाचा असायचा. साखर पाहुण्यांची. मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या खाल्लेली ती चिमूट अजून माझ्या जिभेवर आहे.

तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. जिच्याकडे चांगली बातमी असेल तिने डबी काढायची. बातमी केवढी आहे हे विचारायचं नाही. आणि आधी साखर, मग बातमी. हा नियम मोठ्या बाईंचा. त्यांचं म्हणणं, बातमी आधी सांगितली की समोरची लगेच आपलं काहीतरी सुरू करते. तोंडात साखर असली की निदान ती विरघळेपर्यंत तरी गप्प बसून ऐकते. हा टोमणा मलाच होता हे सांगायला नकोच.

आता ऐकणाऱ्याला हसू येईल अशा बातम्या असत आमच्या. आज पॅसेंजर वेळेवर आली. भांड्यातलं दूध उतू गेलं नाही. दोन महिने घरी बसवलेली एक मुलगी पुन्हा पाटी घेऊन आली, आणि नुसती आली नाही तर धाकट्या बहिणीलाही घेऊन आली. एकदा मोठ्या बाईंनी साखर वाटली आणि सांगितलं की काल यजमानांनी वरण न बोलता खाल्लं. आम्ही विचारलं, आवडलं का? तर म्हणाल्या, तेवढं मी विचारलं नाही, आहे त्यात गोड मानून घेतलं. आम्ही तिघी इतक्या दमलेल्या असू की मोठ्या सुखाची वाट बघायची ताकदच नव्हती. दिवसातून एक काहीतरी बरं निघावं, एवढ्यावर आमचं भागायचं.

पण सोमवारची गोष्ट वेगळी होती. सोमवारची साखर मैत्रिणीची असायची, आणि तिची मी आठवडाभर वाट पाहायची.

तिला एक मुलगी होती. नवरा गेला तेव्हा अंगावर पिणारी. सासर केळझरचं, चांगलं जुनं शेतकरी घर. तिच्या वडिलांनी तिला सातवीपर्यंत शिकवलेलं होतं, त्या जोरावर ते तिला नोकरीला लावायला निघाले तेव्हा सासऱ्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले की सून जाते तर जाऊ दे, पण नात आमच्या घरची आहे, ती इथेच राहील. तेव्हा हे कुणाला फार चुकीचं वाटलं नव्हतं. तिलाही वाटलं नसेल, असं ती म्हणायची. दोन वर्षं ट्रेनिंगसाठी बाहेर राहून ती सेलूला आली आणि पहिल्या रविवारी केळझरला गेली, तेव्हा मुलगी आजीच्या पदरामागे लपून विचारू लागली, ही कोण बाई आली?

हे तिने आम्हाला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही.

त्यानंतर दर रविवारी ती जायची. दोन-अडीच कोसांचा रस्ता, मोटर मिळाली तर मोटरने, नाही तर पायी. सासरी गेल्यावर आधी सासूच्या हाताखाली काम करायची, मुलीच्या मागे लागायची नाही. आणि सोमवारी मधल्या सुट्टीत डबी काढायची. आज तिनं वेणी घालू दिली. आज तिनं स्वतःच्या ओंजळीतली बोरं दिली, तीन. आज निघताना रस्त्यापर्यंत आली. एका सोमवारी तिने साखर दिली आणि बराच वेळ बोललीच नाही. आमची साखर विरघळून गेली तरी नाही. मग म्हणाली, "काल तिनं मले माय म्हटलं." मोठ्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. मला मात्र आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. मी उठून खोलीत एक चक्कर मारली.

तिच्या मनात एकच होतं. मुलगी सहा वर्षांची झाली की तिला सेलूला, स्वतःजवळ आणायचं आणि आमच्या शाळेत घालायचं. केळझरला शाळा होती, पण ती मुलांनी भरलेली. त्या घरातली मुलगी तिथे कुणी पाठवली नसती. हा विषय तिने सासऱ्यांपुढे वर्षभर काढला नाही. काढला तेव्हा पाणी देता देता, सहज काढल्यासारखा. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारीही बोलले नाहीत. मोठा दीर कडक होता, त्याला हे पसंत पडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही दर सोमवारी तिच्या तोंडाकडे बघायचो आणि ती मान हलवून नाही म्हणायची.

उन्हं तापायला लागली होती, शिमगा होऊन गेला होता, तेव्हाच्या एका सोमवारी तिने डबी काढली आणि चिमूट न घेता सरळ आमच्या हातांवर ओतली. माझा तळहात भरला. आबाजी, म्हणजे मुलीचे आजोबा, हो म्हणाले होते. शाळा उघडली की घेऊन जा, म्हणाले होते. मात्र एक अट होती, आणि ती तिने आम्हाला नीट, दोनदा सांगितली. मोठ्या मुलाला ही गोष्ट ते स्वतः सांगणार होते, त्यांच्या सवडीने, त्यांच्या शब्दांत. तोवर कुठे वाच्यता व्हायला नको. त्यांनी वापरलेले शब्दही तिने सांगितले: "मी सांगतो त्याले. तोवर गवगवा नोको करजो."

मी हे ऐकलं. दोनदा ऐकलं. ऐकलं नव्हतं असं मी कधीही म्हणणार नाही.

मधली सुट्टी संपली तेव्हा माझ्या मुठीत साखर उरली होती. एवढी साखर मी एकटी खाऊन टाकणार कशी? वर्गात गेले तर मुली विचारू लागल्या, बाई, हातात काय आहे? माझं मन इतकं हलकं झालं होतं की सकाळपासूनचे दुखरे पायसुद्धा दुखत नव्हते. मी त्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकीच्या हातावर चार-चार दाणे ठेवले. आधी साखर, मग बातमी. आणि मग बातमी सांगितली: आपल्या शेजारच्या वर्गाच्या बाईंची मुलगी आता आपल्या शाळेत येणार.

माझ्या डोक्यात गवगवा म्हणजे गाव, चावडी, पानठेला. मुलींचा वर्ग हे मला आमचं घरच वाटत होतं. तिसरीतली एक मुलगी मामाकडे राहून शिकत होती आणि तिचं मूळ घर केळझरचं होतं, हे मला माहीत होतं. पटावर मीच लिहिलं होतं. पण त्या क्षणी ते माझ्या मनात आलं नाही. मी तिच्याही हातावर साखर ठेवली. ती हसली होती, हेसुद्धा मला आठवतं.

ती शनिवारी घरी गेली. आठ वर्षांची मुलगी घरी जाऊन जे सांगते तेच तिने सांगितलं: आमच्या शाळेत बाईनं साखर वाटली. आणि साखर वाटली म्हटलं की गावात त्याचा अर्थ काय होतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. कज्जा जिंकला की साखर वाटतात. रविवारी सकाळी मुलीच्या मोठ्या काकाला पानठेल्यावर कुणीतरी विचारलं, काय हो, तुमच्या घरची पोरगी सुनेनं नेली म्हणे, सेलूत साखर वाटून राह्यले. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आबाजींनी अजून सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मैत्रीण नेहमीप्रमाणे केळझरला पोचली तेव्हा मुलगी घरी नव्हती. काका तिला घेऊन तासाभरापूर्वीच निघून गेला होता. तिला आत्याकडे, जामला पाठवलं होतं. इथून जाम म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. रविवारी जाऊन रविवारी परत येण्यासारखं ते गाव नव्हे. मुलगी सेलूला यायची ती गेलीच, आणि आतापर्यंतचे रविवारही गेले.

सोमवारी ती वेळेवर शाळेत आली. मधल्या सुट्टीपर्यंत तिने शिकवलं. मग आमच्यात येऊन बसली आणि काय झालं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "साखर कोनं वाटली?"

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं होतं. त्या माझ्यासाठी खोटं बोलणार होत्या असं मला अजूनही वाटतं. पण मी म्हटलं, मी वाटली. एवढं एक मी त्या दिवशी बरं केलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर मी बसून ऐकल्या असत्या, रडले असते, आणि कदाचित दोन दिवसांनी ते मिटलंही असतं. ती म्हणाली, "तुले माह्यापेक्षा जास्त आनंद झाला. मी तं मनातल्या मनात धरून बसली होती." आणि उठून वर्गात गेली.

मी पुष्कळ समजावलं स्वतःला. माझ्या मनात वाईट नव्हतं, कधी तरी कळणारच होतं, काका असा आणि गाव तसं. पण दुसऱ्याची बातमी मी माझी करून वाटली होती, ही गोष्ट काही केल्या पुसली जाईना. रोजच्या दिवसांत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. तिचं होतं ते मी घेतलं.

पंधरा दिवसांनी मोठ्या बाई मला म्हणाल्या, चल, केळझरला जाऊन येऊ. त्यांच्या गुडघ्याला मोटरची पायरी चढवत नव्हती, कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना वर घेतलं. मैत्रिणीला आम्ही आधी विचारलं होतं. ती म्हणाली, जा, पण काही होणार नाही.

आबाजी अंगणात निंबाच्या सावलीत अंबाडीचा दोर वळत बसले होते. वाळलेले, उंच, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः खालीच राहिले. मी जे सांगायचं ते सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही, तिने मला दोनदा बजावलं होतं, साखर मी वाटली. त्यांनी दोर वळणं थांबवलं नाही.

मग म्हणाले, "बाई, तुमी कोनाचं वाईट नाई केलं, हे मले मालूम हाय. पन माह्या पोराले ते मी सांगणार होतो. वावरात, त्याच्याजोळ बसून. आता त्याले ते पानठेल्यावर समजलं. मी आता हो म्हटलं तं गाव म्हणन, बुढ्याले सुनेनं हरवलं."

मोठ्या बाईंनी काहीतरी म्हणायला सुरुवात केली, मुलीचं शिक्षण, तिचं वय. ते ऐकून घेत होते. एवढंच म्हणाले की उन्हाच्या आल्या, पाणी घ्या. म्हाताऱ्या सासूबाईंनी तांब्या आणि वाटीत गुळाचे खडे आणून ठेवले. वाईट वागणूक मिळाली असती तर बरं झालं असतं असं वाटण्याची वेळ माणसावर क्वचित येते. मी तो गुळाचा खडा तोंडात घेऊन बसले.

परत येताना मोटरीत मोठ्या बाई म्हणाल्या, केळझरच्या टेकडीवरच्या गणपतीला जायचं राहिलं.

शाळा उघडली. मुलगी आली नाही. डबी कपाटात तशीच होती, तिला कुणी हात लावत नव्हतं. मोठ्या बाईंनी एकदा, यजमानांना बाजारात पाठवण्यात यश आलं म्हणून, ती काढायचा प्रयत्न केला. पण मैत्रिणीने हात पुढे केला नाही आणि मलाही करवला नाही. बाईंनी डबी पुन्हा ठेवून दिली. पावसाळ्यात आत ओल गेली असणार.

मी आणि मैत्रीण बोलायचो. शाळेचं, पोरींचं, खडूचं. ती माझ्याशी कधीच वाईट वागली नाही. मला ताप आला होता तेव्हा तिने माझे दोन्ही वर्ग आठवडाभर सांभाळले. पण सोमवार आता बाकीच्या वारांसारखा झाला होता. ती अजूनही दर रविवारी केळझरला जाते, हे मला कळलं ते तिच्या चपलांवरच्या मातीवरून. मुलगी तिथे नसताना ती जायची, सासूच्या हाताखाली काम करायची आणि परत यायची. एकदा न राहवून मी विचारलं की आता काऊन जातेस. ती म्हणाली की दार उघडं राहिलं पाहिजे.

ते वर्ष मला फार लांब वाटलं. पॅसेंजर, रस्ता, पाढे, परत रस्ता. संध्याकाळी गाडीत बसल्यावर आज काय बरं झालं असा विचार करायची सवय लागलेली होती, ती सुटली. काही आठवलंच तरी ते कुणाला सांगायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी शाळा उघडल्या त्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एक बैलगाडी थांबली. आबाजी उतरले आणि त्यांनी नातीला हात धरून उतरवलं. सात वर्षांची झाली होती, पहिलीत बसायला एक वर्ष मोठीच. ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले, पटावर नाव घालायला सांगितलं, आणि जाताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत राहू द्या. मंग पाहू." काका कसा तयार झाला, घरात काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. मी विचारायची हिंमत केली नाही. त्या वर्षभराच्या रविवारांचंच ते फळ असणार, एवढं मला समजत होतं.

पहिली माझ्याकडे होती. मैत्रीण मुलीला माझ्या खोलीच्या दाराशी घेऊन आली आणि माझ्याकडे बघून तिने मान हलवली. नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी मुलीला तरटपट्टीवर जागा दाखवली, पाटी घ्यायला सांगितली आणि पटावर तिचं नाव लिहिलं. साखर नाही, बातमी नाही, काही नाही. गावात कुणी विचारलं तर मोठ्या बाई सांगत, चार दिवस राहायला आली आहे. मला कुणी विचारलं तर मी म्हणे, मला माहीत नाही.

ते पाच महिने मी ती जागा बघण्यात घालवले. मुलगी हुशार होती असं नाही, पण चिवट होती. मोडलेलं अक्षर पुसून पुन्हा काढायची. तिच्या केसांना रोज तेल लावलेलं असायचं, वेणी घट्ट, रिबीन नीट. मी तिचे लाड केले नाहीत, तिला जवळही फार घेतलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये याचीच मला धास्ती होती. आपला आनंद लपवायला इतके कष्ट पडतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा ती केळझरला गेली. मैत्रीणही गेली. सुट्टीभर मला घरात चैन नव्हतं. आईने विचारलं, तुला झालंय तरी काय? मी सांगितलं नाही. आईला नवल वाटलं असणार.

शाळा उघडली त्या दिवशी ती जागा रिकामी होती. मैत्रीण आली होती, एकटी. हजेरी घेताना मुलीचं नाव आलं, कुणी हजर म्हणालं नाही, आणि मी पुढच्या नावावर गेले. मधल्या सुट्टीत मैत्रिणीने डबा उघडला, अर्धी भाकर खाल्ली, बंद केला. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी खिडकीबाहेर. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेशनाकडे जाताना मी वाटेत एका दगडावर बसले, आणि उठावंसंच वाटेना. गाडी जवळजवळ चुकली.

तिसऱ्या दिवशी पॅसेंजर उशिरा आली. मी घामाघूम होऊन वर्गात शिरले तेव्हा पोरींचा गोंधळ चालला होता. सगळ्यांना गप्प केलं, पट काढला. नावं घेत गेले. तिचं नाव घेतलं तेव्हा मी मान वर केली नाही.

"हजर," असं ऐकू आलं.

मी पुढची नावं घेतली. सगळी घेतली, एकही चुकलं नाही. मग पहिलीला अक्षरं दिली आणि तिसरीला पाढे म्हणायला लावले. अकराचा झाला, बाराचा संपत आला, तेव्हा दारात मैत्रीण उभी दिसली. तिचा उजवा हात मिटलेला होता. ती सरळ माझ्यापर्यंत आली, माझा हात धरून उलटा केला, खडूने भरलेली माझी बोटं एकेक करून उघडली, आणि तळहातावर साखर ठेवली. चिमूटभरच. ओल लागून तिचे गोळे झाले होते. डबीतलीच ती.

आधी साखर, मग बातमी. मी साखर तोंडात टाकली आणि थांबले.

ती क्षणभर माझ्याकडे बघत होती. मग तिने मुलीकडे एकदा पाहिलं. मुलगी मान खाली घालून गिरवत होती. मैत्रीण वळली आणि आपल्या वर्गाकडे निघून गेली, काही न बोलता.

हे सगळं लिहिण्याआधी मी मैत्रिणीच्या मुलीला विचारलं आहे. ही सवय मला वर्गात साखर वाटली त्या दिवसापासून लागली. मैत्रीण आता राहिली नाही, आणि मोठ्या बाई तर केव्हाच गेल्या.

पोरींचा पाढा मध्येच थांबला होता. सगळ्या माझ्या हाताकडे बघत होत्या. पुढच्या रांगेतल्या एकीने विचारलं, बाई, काय झालं? माझ्या तोंडात साखर अजून पुरती विरघळली नव्हती.

"काही नाही," मी म्हणाले. "तेराचा घ्या."